टपालाच्या तिकिटावरील सम्राट

गेल्या सहामाहींत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या आजोबांची तिकिटांची जुनी वही शाळेंत आणली होती. हल्लीं घरीं टपालानें पत्र येणें हाच एक नवलाचा प्रसंग होऊन बसला आहे; निरोप दूरध्वनीवरून क्षणांत जातो, आणि ज्या पाकिटावर तिकीट चिकटवावें तें पाकीटच दृष्टीआड होत चाललें आहे. तथापि मधल्या सुटींत त्या वहीभोंवतीं मुलांची जी दाटी झाली ती पाहून आम्हांला मोठें समाधान वाटलें. पानें पिवळीं पडलेलीं, शाई फिकी झालेली. परंतु प्रत्येक देशाचें नांव आजोबांनीं सुवाच्य अक्षरांत लिहून ठेविलें होतें. ‘अबिसीनिया’ असा मथळा असलेल्या पानावर तीनच तिकिटें होतीं. पहिल्यावर दाढी राखलेल्या, तीक्ष्ण डोळ्यांच्या एका सम्राटाची मुद्रा होती. दुसऱ्यावर निराळाच गोरा राजा होता. तिसऱ्यावर पुनः तोच पहिला सम्राट, मात्र वयानें थोडा वाढलेला.

वहीच्या मालकानें आम्हांला विचारलें, “सर, एकाच देशाच्या तिकिटांवर मध्येंच हा दुसरा राजा कसा आला? आणि पहिला परत आला, म्हणजे तो चांगला राजा होता का?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं तेथल्या तेथें दिलें. दुसऱ्याचें उत्तर घंटा झाल्यामुळें राहून गेलें. आणि खरें सांगावयाचें तर घंटा झाली म्हणून आम्हांला बरेंच वाटलें, कारण तें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नव्हतें. हा लेख म्हणजे तें राहिलेलें उत्तर होय.

तिकीट ही मूळची टपालहंशील भरल्याची पावती. परंतु तिच्यावर राजाची मुद्रा उमटली कीं तीच पावती जाहीरनाम्याचें काम करूं लागते. पत्र ज्या ज्या देशीं जाईल त्या त्या देशीं तें तिकीट सांगत जातें कीं, अमुक भूमीवर अमक्याची सत्ता आहे. अबिसीनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, इतिहासांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. १८८९ सालीं सम्राट मेनेलिक दुसरे यांनीं वुचाले येथें इटलीशीं तह केला. त्या तहाच्या अम्हारिक प्रतींत असें होतें कीं, परराष्ट्रांशीं व्यवहार करितांना सम्राटांना इच्छा असल्यास इटलीचें साहाय्य घेतां येईल. इटालियन प्रतींत मात्र तें साहाय्य घेणें बंधनकारक ठरविलें होतें. तेवढ्या एका भेदाच्या जोरावर इटलीनें तो सारा देश आपल्या छत्राखालीं आल्याचें जगाला कळविलें. मेनेलिक यांनीं तो तह झुगारून दिला. पुढें १८९४ सालीं त्यांच्या राज्याचीं पहिलीं तिकिटें पॅरिस येथें तयार झालीं. मूशों नांवाच्या फ्रेंच कारागिरानें तीं कोरलीं होतीं. कमी किमतीच्या तिकिटांवर मुकुटधारी मेनेलिक आणि अधिक किमतीच्या तिकिटांवर सिंह, अशी त्यांची योजना होती. अक्षरें होतीं तीं केवळ अम्हारिक. युरोपांतील कोणत्याही भाषेचा एक शब्दही त्यांवर नव्हता. जें त्या चिमुकल्या कागदानें सांगितलें तेंच १ मार्च १८९६ रोजीं अडोव्याच्या रणांगणावर मेनेलिक यांच्या सैन्यानें इटलीचा पुरा पराभव करून सिद्ध केलें.

अडोव्याला लढलेल्या सेनानायकांत हरार प्रांताचे अधिपति रास माकोनेन हे एक होते. ‘रास’ ही तेथील मोठ्या सरदारांची पदवी. त्यांच्याच घरीं २३ जुलै १८९२ रोजीं, हरारजवळच्या एजेर्सा गोरो या गांवीं, तफारी यांचा जन्म झाला. बाळपणीं ते हरार येथील कापुचिन मिशनऱ्यांच्या देखरेखीखालीं फ्रेंच भाषा शिकले. १९०६ सालीं पितृछत्र हरपलें. १९१० सालीं, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आंतच, ते हरारचे अधिकारी झाले. १९१६ सालीं राजधानींत उलथापालथ होऊन मेनेलिक यांच्या कन्या झवदितू या सम्राज्ञी झाल्या, आणि तफारी यांना रास ही पदवी देऊन राज्याचे वारस व कारभारी नेमण्यांत आलें.

येथून पुढें त्यांचा उत्कर्ष तिकिटांवरूनच वाचतां येतो. १९१९ सालच्या तिकिटांवर जिराफ, हत्ती, गेंडा अशा प्राण्यांच्या जोडीला रास तफारी दिसतात आणि सम्राज्ञी झवदितूही दिसतात. १९२८ सालच्या तिकिटांवर प्राणी गेले. एका किमतीवर सम्राज्ञी तर दुसरीवर तफारी, असा क्रम लागला. त्याच वर्षीं त्यांना ‘नेगुस’ म्हणजे राजा ही पदवी मिळाली. एप्रिल १९३० मध्यें सम्राज्ञी निवर्तल्या, तेव्हां जुन्याच तिकिटांवर नवी अक्षरें छापून नव्या सम्राटांची घोषणा करण्यांत आली. २ नोव्हेंबर १९३० रोजीं हैले सेलासी, म्हणजे ‘त्रैक्याची शक्ति’, या नांवानें त्यांना राज्याभिषेक झाला. १९३१ सालच्या तिकिटांवर ते स्वतः आहेत, त्यांची पत्नी सम्राज्ञी मेनेन आहेत, वडील रास माकोनेन आहेत, आणि आवाश नदीवरचा आगगाडीचा पूलही आहे. जुनें घराणें आणि नवी आगगाडी, दोन्ही आपल्या हातीं आहेत, असें जणूं नवे सम्राट जगाला सांगत होते. त्याच वर्षीं त्यांनीं देशाला पहिली लिखित राज्यघटना दिली.

ह्या देशाला आपला महाराष्ट्र अगदींच अपरिचित समजत नाहीं. ‘हबशी’ हा आपला शब्द ‘हबश’ या त्या देशाच्या अरबी नांवावरूनच आला. निजामशाहीचा समर्थ वजीर मलिक अंबर तिकडेच जन्मला, लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेला, आणि दख्खनेंत येऊन १६२६ सालीं मरेपर्यंत मोंगलांशीं झुंजत राहिला. ज्या गुलामांच्या बाजारानें त्याला इकडे आणलें तो बाजार तफारी यांच्या तरुणपणींही त्यांच्या देशांत पुरता उठलेला नव्हता. १९२३ सालीं देशाला राष्ट्रसंघांत स्थान मिळाल्यावर, १९२४ सालीं, त्यांनीं गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. ती पूर्णपणें बंद करणारा कायदा मात्र १९४२ सालीं झाला. पाऊल हळू पडलें, पण तें योग्य दिशेनें पडलें, हें मान्य केलें पाहिजे.

आतां वहीतील दुसऱ्या तिकिटाकडे वळूं. ३ ऑक्टोबर १९३५ रोजीं मुसोलिनीच्या इटलीनें अडोव्याचा सूड घेण्याच्या ईर्षेनें इथिओपियावर स्वारी केली. एका बाजूला विमानें, रणगाडे आणि विषारी वायु. दुसऱ्या बाजूला बहुतांशीं जुन्या बंदुका आणि अनवाणी पाय. ३० डिसेंबर १९३५ रोजीं स्वीडनच्या रेड क्रॉस पथकाच्या छावणीवरही बाँब पडले. १९३६ च्या आरंभीं इथिओपियाच्या टपालखात्यानें १९३१ च्या तिकिटांपैकीं कांहींवर तांबडा क्रूस छापून तीं जास्त पैशांस विकावयास काढलीं, आणि वरची रक्कम रेड क्रॉसच्या कामीं लावली. राज्याचें वैभव मिरवण्यासाठीं काढलेल्या तिकिटांवर राज्याच्या जखमेची खूण उमटली. आमच्या मतें त्या देशाचीं सर्वांत खरीं तिकिटें तींच होत.

मे १९३६ मध्यें राजधानी आदिस अबाबा पडली, आणि ९ मे रोजीं इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याला इथिओपियाचा सम्राट म्हणून घोषित करण्यांत आलें. वहीतील दुसरा राजा तो हाच. तत्पूर्वींच हैले सेलासी देशाबाहेर पडले होते. ३० जून १९३६ रोजीं जिनीव्हा येथें राष्ट्रसंघापुढें ते स्वतः उभे राहिले. इटालियन बातमीदारांनीं शिट्ट्या घालून गोंधळ केला. तो शांत होईपर्यंत ते स्तब्ध उभे होते. मग त्यांनीं आपल्याच अम्हारिक भाषेंत, विषारी वायूनें माणसें, गुरें आणि नद्या कशा बाधल्या तें सांगितलें, आणि आपल्या प्रजेला आपण कोणतें उत्तर नेऊन द्यावें असें जमलेल्या राष्ट्रांना विचारलें. राष्ट्रसंघापाशीं उत्तर नव्हतें. इटलीवर जो व्यापारी बहिष्कार घातला होता त्यांतून तेल वगळलेलें होतें; पुढें जुलै महिन्यांत तो बहिष्कारही उठविण्यांत आला. बळी तो कान पिळी हीच राजनीति मानावयाची असेल तर राष्ट्रसंघाची गरज काय, हा प्रश्न त्या दिवशीं जगापुढें नागडा उभा राहिला. तीन वर्षांनीं, १९३९ सालीं, दुसरें महायुद्ध पेटलें आणि त्या प्रश्नाची किंमत सर्वांनीं मोजली.

इटालियन तिकिटानें जें सांगितलें तें अर्धेंच खरें होतें. राजधानींत सत्ता इटलीची होती. परंतु डोंगरांत देशभक्तांच्या टोळ्या लढतच होत्या. फेब्रुवारी १९३७ मध्यें इटालियन राजप्रतिनिधीवर हल्ला झाला, तेव्हां आदिस अबाबांत हजारों निरपराध माणसें कापलीं गेलीं. खरा सम्राट इंग्लंडांत बाथ या गांवीं एका साध्या घरांत वनवास कंठीत होता. (तें घर पुढें १९५८ सालीं त्यांनीं तेथील वृद्धांच्या निवासासाठीं गांवाला देऊन टाकलें.) जानेवारी १९४१ मध्यें ते सुदानच्या सीमेवरून स्वदेशीं परतले. या मोहिमेंत हिंदी सैन्याचा वाटा मोठा होता. इटलीच्या ताब्यांतील एरिट्रियांत केरेन येथें मार्च १९४१ पर्यंत जी घनघोर लढाई झाली तींत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. आणि मुंबई सॅपर्स अँड मायनर्सचे तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत यांनीं मेटेम्माकडील मार्गावरचे सुरुंग चार दिवस अविश्रांत काढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. आपल्या कांहीं घरांतून केरेनचें नांव अद्याप ऐकूं येतें, तें यामुळेंच. ५ मे १९४१ रोजीं, राजधानी गमावल्याला बरोबर पांच वर्षें झालीं त्या दिवशीं, हैले सेलासी आदिस अबाबांत प्रवेश करते झाले. वाइटाची फेड वाइटानें करूं नका, असें त्यांनीं त्या दिवशीं आपल्या लोकांना बजावलें. १९४२ सालीं त्यांच्या मुद्रेचीं नवीं तिकिटें निघालीं. वहीतील तिसरें तिकीट त्यानंतरच्या काळाचें.

गोष्ट येथेंच संपली असती तर मुलाच्या प्रश्नाला ‘होय, चांगला राजा होता’ असें उत्तर देऊन आम्ही मोकळे झालों असतों. पुढेंही चांगलें सांगण्यासारखें पुष्कळ आहे. १९४५ सालीं इथिओपिया संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थापक राष्ट्रांत होता. १९५० सालीं राजधानींत महाविद्यालय निघालें, आणि १९६१ सालीं सम्राटांनीं आपला राजवाडा विद्यापीठासाठीं देऊन टाकला. १९५६ सालीं ते भारतांत येऊन गेले, आणि त्यानंतर हरार येथें निघालेल्या लष्करी विद्यालयांत शिकविण्यास भारतीय सेनाधिकारी गेले. २५ मे १९६३ रोजीं आदिस अबाबा येथें नव्यानें स्वतंत्र झालेलीं आफ्रिकन राष्ट्रें एकत्र येऊन त्यांची संघटना स्थापन झाली. दूरच्या जमेका बेटांत तर रास तफारी या नांवावरून एक पंथच निघाला, आणि १९६६ सालीं ते तेथें गेले तेव्हां त्यांना देव मानणाऱ्या लोकांनीं विमानतळ भरून टाकला. स्वतः सम्राट मात्र अखेरपर्यंत आपल्या देशाच्या प्राचीन ख्रिस्ती मंडळीचेच अनुयायी राहिले.

परंतु दिव्याखालीं अंधार होता. १९५५ च्या सुधारलेल्या घटनेंतही सम्राटांची व्यक्ति पवित्र व अनुल्लंघनीय होती, आणि शेवटचा शब्द त्यांचाच होता. दक्षिणेकडील कुळें आपल्या पिकाचा मोठा वाटा जमीनदारांच्या घरीं नेऊन घालीत होतीं. १९५२ सालीं एरिट्रिया संघराज्याच्या नात्यानें इथिओपियाशीं जोडला गेला होता. तें नातें १९६२ सालीं मोडून तो निव्वळ प्रांत करण्यांत आला, आणि तेथें तीस वर्षें पुरलेलें युद्ध सुरू राहिलें. डिसेंबर १९६० मध्यें, सम्राट ब्राझीलमध्यें असतांना, त्यांच्याच अंगरक्षक दलानें बंड केलें. तें मोडलें, पण त्यांतला इशारा कोणी मनावर घेतला नाहीं.

मग १९७२ पासून उत्तरेकडील वोलो प्रांतांत पाऊस गेला. शेतें करपलीं, गुरें मेलीं, माणसें रस्त्याच्या कडेला येऊन बसलीं आणि तेथेंच संपलीं. मेलेल्यांची संख्या हजारोंनीं मोजावी लागते. राजधानींतील अधिकाऱ्यांनीं ही वार्ता दडपण्याचा प्रयत्न केला. १९७३ च्या शरदांत एका इंग्रज बातमीदारानें काढलेलीं चित्रें परदेशांत दाखविलीं गेलीं, तेव्हां जगाला खरी स्थिति कळली. त्या सर्व काळांत देशांतील टपालावर सम्राटांची मुद्रा होतीच, नेहमींसारखी शांत व गंभीर. पुढें सप्टेंबर १९७४ मध्यें लष्करानें तींच दुष्काळाचीं चित्रें राजवैभवाच्या चित्रांत मिसळून लोकांना दाखविलीं, आणि दुसऱ्याच दिवशीं, १२ सप्टेंबर रोजीं, ब्याऐंशी वर्षांच्या सम्राटांना पदच्युत करून एका लहानशा मोटारींत बसवून राजवाड्याबाहेर नेलें. घर फिरलें म्हणजे घराचे वांसेही फिरतात, तसें झालें. २७ ऑगस्ट १९७५ रोजीं बंदिवासांत त्यांचा अंत झाला. आजारानें मृत्यु आला असें लष्करी सरकारनें सांगितलें. पुढें त्या राजवटीच्या अधिकाऱ्यांवर झालेल्या खटल्यांत खुनाचा आरोप ठेवण्यांत आला. १९९२ सालीं राजवाड्याच्या आवारांत त्यांच्या अस्थि सांपडल्या, आणि ५ नोव्हेंबर २००० रोजीं आदिस अबाबांतील पवित्र त्रैक्याच्या मंदिरांत त्यांचें विधिपूर्वक दफन झालें. त्यांना पदच्युत करणाऱ्यांनीं पुढें त्यांच्याहून अधिक रक्त सांडलें, हेंही येथें सांगणें प्राप्त आहे. २०१९ सालीं आफ्रिकन राष्ट्रांच्या संघटनेच्या आवारांत त्यांचा पुतळा उभारला गेला.

आतां मुलाच्या प्रश्नाचें उत्तर. कांहीं लोक ह्या सम्राटाला देव मानितात, कांहीं जुलमी म्हणतात. दोन्ही पक्षांना एकेक तिकीट पुरतें. आम्हांला सारें पान पाहणें भाग आहे. आमचें मत असें आहे कीं, १९३६ सालचे हैले सेलासी निःसंशय थोर होते, आणि १९७३ सालचे हैले सेलासी निःसंशय दोषी होते. ज्यांचें गाऱ्हाणें जिनीव्हा येथें जगानें ऐकलें नाहीं, त्यांनींच आपल्या वोलोच्या रयतेचें गाऱ्हाणें वेळेवर ऐकलें नाहीं. अधिकाऱ्यांनीं त्यांच्यापासून पुष्कळ लपविलें असेल. ते वृद्ध झाले होते, हेंही खरें. परंतु साऱ्या देशाचे डोळे व कान एकाच माणसाच्या ठिकाणीं ठेविले म्हणजे तो माणूस थकला कीं देश आंधळा व बहिरा होतो. हा दोष जितका त्यांचा, तितकाच त्या व्यवस्थेचा. आणि ती व्यवस्था पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांच्याच हातीं होती.

ही गोष्ट त्या एका देशाचीच आहे असें कोणी समजूं नये. त्याच वहींत हिंदुस्थानच्या पानावर सहाव्या जॉर्ज बादशहाचीं सुबक तिकिटें आहेत. १९४३ सालीं तीं आपल्या टपालावर होतीं, आणि त्याच सालीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. तिकिटावरील मुद्रेला भूक लागत नाहीं, आणि तिच्यावर सुरकुतीही पडत नाहीं.

म्हणून तिकिटें जमविण्याचा नाद सोडावा काय? मुळींच नाहीं. ज्या घरांत अशी वही कपाटाच्या तळाशीं पडून असेल त्या घरच्या पालकांनीं ती काढून मुलांच्या हातीं द्यावी, आणि शक्य तर संध्याकाळीं त्यांच्याजवळ बसून ती पाहावी, अशी आमची विनंति आहे. तिकिटाची किंमत बाजारांत किती येईल हें मागाहून विचारावें. आधीं विचारावें, हा चेहरा कोणाचा, तो येथें कोणीं छापला, आणि त्या वेळीं त्या देशांत कोण उपाशी होतें?

वहीच्या मालकाला आम्हीं नुकतीच एक सूचना केली आहे. अबिसीनियाच्या पानावर तिसऱ्या तिकिटाशेजारीं अजून जागा शिल्लक आहे. तेथें त्यानें पेन्सिलीनें एक चौकोन आंखावा, त्यांत कांहीं चिकटवूं नये, आणि त्याखालीं आजोबांच्यासारख्या सुवाच्य अक्षरांत एवढेंच लिहावें: वोलो, १९७३.